चष्म्याचं माप

आमच्या अब्बांविषयी मोहल्ल्यात दोन गोष्टी बोलल्या जायच्या. एक, सत्तरी ओलांडली तरी हा माणूस चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवतो. दुसरी, माणूस मगरूर आहे, रस्त्यात सलाम केला तर घेत नाही. पहिल्या गोष्टीचा आम्हा भावंडांना अभिमान होता आणि दुसरीची लाज. या दोन्ही गोष्टी मुळात एकच आहेत हे कळायला आधी माझा चष्मा बिघडावा लागला.

मी शाळेत मराठी शिकवते. लांबचं दिसावं म्हणून चष्मा कॉलेजपासूनच आहे. २०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत लक्षात आलं की वह्या तपासताना मी चष्मा कपाळावर ढकलते, फळ्याकडे बघताना परत खाली ओढते. वय चव्वेचाळीस. मराठीत या वयाच्या चष्म्यालाच 'चाळिशी' म्हणतात. वयाचं आणि वस्तूचं नाव एकच असल्यामुळे तक्रारीला जागाच राहत नाही. डोळ्यातलं भिंग वयानुसार ताठर होतं आणि जवळचं बघण्यासाठी त्याला जो आकार बदलावा लागतो तो बदलता येत नाही, एवढाच हा प्रकार. तो सगळ्यांनाच होतो.

माझ्या दादांचा, म्हणजे अब्बांच्या वडिलांचा, चष्मा मला आठवतो. काचेच्या खालच्या भागात अर्धचंद्रासारखी रेघ होती. ते वरून आमच्याकडे बघत आणि खालून हिशेबाची वही. या दुहेरी चष्म्याचं श्रेय अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिनला दिलं जातं. पुढे १९५९ मध्ये फ्रान्समध्ये बिनरेघेची काच बाजारात आली. वर लांबचं, मध्ये हाताच्या अंतरावरचं, खाली वाचायचं, आणि एकातून दुसऱ्यात नंबर हळूहळू बदलत जाणारा. तिला प्रोग्रेसिव्ह म्हणतात. शहरातल्या एका दुकानात सवलत चालू होती. मी आवडीची जाड प्लॅस्टिकची फ्रेम निवडली, साडेसहा हजार मोजले आणि आठवड्याने चष्मा घेऊन आले.

पहिले चार दिवस डोकं दुखलं. दुकानात सांगितलं, "सवय होईल मॅडम." पंधरा दिवस झाले. महिना झाला. वाचायचं असलं की हनुवटी वर करून नाकाच्या शेंड्यावरून बघावं लागे. संध्याकाळपर्यंत मान धरायची. अक्षरांची एक चिंचोळी पट्टी तेवढी स्पष्ट, बाजूचं सगळं पाण्याखाली असल्यासारखं. सहावीतल्या एका पोरीने मधल्या सुट्टीत माझी नक्कल केली. हनुवटी वर, डोळे अर्धे मिटलेले, "हं, उभी राहा!" मी दाराआडून पाहिलं आणि हसले. पण घरी येऊन आरशात बघितलं तर ती नक्कल तंतोतंत होती. वर्गात मी आखडू बाई झाले होते.

नमाजचा त्रास वेगळाच. सजद्यात कपाळ आणि नाक दोन्ही जमिनीला टेकावं लागतं. जाड फ्रेम आधी टेकायची. त्याआधी रुकूत वाकलं की चष्मा घसरून थेट नाकाच्या टोकावर. मग मी तो काढून जानमाजच्या कडेला ठेवायला लागले. एकदा भावाच्या लेकाने धावत येऊन त्याच्यावर पाय दिला आणि काडी वाकली. स्कार्फचंही तसंच. कापड ताणून पिन लावली की त्याखाली दबलेली काडी कानामागे रुतायची. दुपारच्या तासाला मी शिकवता शिकवता स्कार्फमध्ये बोट घालून कान चोळत असे.

या सगळ्यात चूक माझीच आहे असं मला वाटत होतं. वय झालं, आपल्यालाच जमत नाही. माझ्यासोबतच्या दोन शिक्षिकांनी असेच महागडे चष्मे करून कपाटात ठेवून दिले होते. त्यांनाही 'सवय' झाली नव्हती.

रविवारी मी माहेरी जाते, रविवार पेठेत. अब्बांचं दुकान आता भावाने मोबाइलच्या सामानाला दिलं आहे, पण त्यांचं पायमशीन खिडकीखाली अजून आहे. मोहल्ल्यातल्या बायकांची उसवलेली कामं ते अजून करून देतात. त्या दिवशी मी चष्मा काढून नाकावरचे लाल वळ चोळत होते. त्यांनी कापडावरची नजर न काढता विचारलं, "तेरा माप लिया क्या?"

"काय?"

"चष्मेवालेने. तेरा माप लिया क्या?"

मी आठवून पाहिलं. नंबर तपासला होता. फ्रेम मी घालून आरशात बघितली होती. पण माझ्या चेहऱ्याला कुणी पट्टी लावली नव्हती, फ्रेम घातलेली असताना माझ्या डोळ्यांसमोर कुणी बसलं नव्हतं. मी नाही म्हणाले. अब्बांनी दोरा दाताने तोडला. "फिर रेडिमेडच हुआ ना वो," ते म्हणाले.

पन्नास वर्षं त्यांनी लोकांची मापं घेतली. गिऱ्हाईक माप द्यायला उभं राहिलं की छाती फुगवतं. अब्बा थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलत, तो माणूस सैल पडला, रोज उभा राहतो तसा उभा राहिला, की टेप टाकत. एक खांदा खाली असेल तर ते वहीत तसंच लिहीत. 'अंगाला बसणं' हा शब्द मी त्यांच्याकडून शिकले. चष्म्यालाही अंग असतं हे मात्र माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

२०२५ च्या फेब्रुवारीत, रमजानच्या आधी, मी राजारामपुरीत दुसरीकडे गेले. सोबतीला अब्बांना घेतलं, तेवढंच त्यांचं बाहेर पडणं. तिथली ऑप्टोमेट्रिस्ट पंचविशीची मुलगी होती. तिने आधी माझा चष्मा यंत्रात घालून काचांवर शाईचे दोन ठिपके काढले, आणि मग माझ्या दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजलं. माझं अंतर ५८ मिलिमीटर. चष्म्याच्या काचांची केंद्रं होती ६४ मिलिमीटरवर. म्हणजे प्रत्येक डोळ्यामागे तीन मिलिमीटर बाहेर. साध्या चष्म्यात कमी नंबराला हे कदाचित खपून गेलं असतं. प्रोग्रेसिव्हमध्ये मधली स्पष्ट वाट मुळातच अरुंद असते, दोन्ही डोळे एकाच वेळी त्या वाटेवर यावे लागतात. माझा एक डोळा वाटेवर आला की दुसरा कुंपणात.

दुसरं, उंची. फ्रेम नाकावर बसवून, माणूस समोर सरळ बघत असताना, बाहुली काचेच्या कुठल्या उंचीवर येते ते पेनने खूण करून घ्यावं लागतं. माझ्या काचांत ही खूण खाली धरली होती, त्यात फ्रेम घसरणारी. म्हणून वाचायचा भाग गालावर गेला होता आणि माझी हनुवटी आभाळात.

तिसरं, नाक. माझं नाक मुळाशी चपटं आहे, अब्बांचंही तसंच. अशा नाकावर प्लॅस्टिकची साचेबंद फ्रेम ठरतच नाही. तिने धातूची, हलवता येणाऱ्या पॅडची हलकी फ्रेम दिली. काडीच्या आतल्या बाजूला बारीक आकडे असतात. माझ्या नव्या काडीवर ५०, मग छोटा चौकोन, मग १८ आणि पुढे १४० असं आहे. पहिली काचेची रुंदी, दुसरं दोन काचांमधलं अंतर, तिसरी काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. शर्टाच्या कॉलरला आतून नंबर असतो तसंच हे. इतकी वर्षं चष्मा वापरून मी ते कधी वाचलं नव्हतं.

मग ती म्हणाली, "मॅडम, स्कार्फ नीट करू नका. रोज शाळेत जाताना बांधता तसाच असू दे." स्कार्फ असताना काडी कशी बसते ते बघून तिने काडीची टोकं गरम करून वाकवली. वाक कानाच्या मागे सुरू व्हायला हवा, कानाच्या वर नाही, आणि टोकाने डोक्याला टेकावं, टोचू नये. खालची कड किंचित गालाकडे झुकवली. पापण्या काचेला लागत नाहीत ना ते बघितलं. आणि शेवटी जरा संकोचून विचारलं, "नमाज पढताना वाकता तेव्हा घसरतो का? एकदा वाकून बघता?" दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. मी वाकले. चष्मा जागच्या जागी राहिला. अब्बा बाकावरून हे सगळं बघत होते. म्हणाले, "ही पोरगी कारागीर आहे."

खरं तर 'बघत होते' हे म्हणणं चुकीचं आहे. तिच्या मागच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता उजळलेला होता. माझ्या काचांची ऑर्डर लिहिता लिहिता तिने सहज विचारलं, "काका, तुम्हाला चष्मा नाही?" आम्ही कौतुकाने सुईदोऱ्याची गोष्ट सांगितली. तिने पेन खाली ठेवलं. "काका, समोरची तिसरी ओळ वाचता?"

अब्बा म्हणाले, "कुठली ओळ?"

त्यांना तक्ता दिसत होता, ओळी दिसत नव्हत्या. उजेडाची एक चौकट आणि तिच्यात काळपट डाग.

तिने खूप काही विचारलं. या वयात मोतीबिंदू पिकायला लागला की कधी कधी उणे नंबर वाढतो आणि जवळचं अचानक चष्म्याविना दिसू लागतं, लोक खूश होतात, पण ते तपासावं लागतं. म्हणून आधी डॉक्टरांना दाखवून या म्हणाली. आम्ही दाखवलं. मोतीबिंदूची नुकती सुरुवात होती, घाईचं काही नव्हतं. नंबर मात्र जुना होता, बालपणापासूनचा. दोन्ही डोळ्यांना उणे पावणेतीन, उजव्याला शिवाय मोठा तिरकस नंबर.

उणे पावणेतीनचा अर्थ तिने मला सोप्या गणितात सांगितला. १०० ला २.७५ ने भागा. ३६ सेंटिमीटर. चष्म्याविना एवढ्याच अंतरापर्यंत या माणसाला स्पष्ट दिसतं. अब्बांचं स्पष्ट जग दीड वितीचं होतं. त्या दीड वितीत सुई होती, काज होतं, कापडाचा ताणाबाणा होता. म्हणूनच त्यांना चाळिशी कधी लागली नाही. ज्याला आम्ही तीक्ष्ण नजर समजत होतो तो त्यांचा आजन्म दोष होता. दीड वितीच्या पलीकडे फळा होता, बसची पाटी होती, आणि रस्त्याच्या त्या बाजूने हात उचलून सलाम करणारी माणसं होती.

घरी येताना रिक्षात मी त्यांना विचारलं, शाळा का सोडली होती? ही गोष्ट आम्हाला ठाऊक होती. चौथीत गुरुजींनी दादांना बोलावून सांगितलं होतं, "पोराच्या डोक्यात काही शिरत नाही, फळ्यावरचं उतरवताही येत नाही, हाताला काही काम लावा." पण आता अब्बांनी त्यात एक वाक्य घातलं. "मैं समझता था सबकूच ऐसा दिखता," ते म्हणाले. इतर मुलं फळ्यावरचं पाठ करून लिहितात असं त्यांना वाटायचं.

रिक्षा दसरा चौकातून वळली. तिथे मुस्लिम बोर्डिंग आहे. १९०६ मध्ये शाहू महाराजांच्या पुढाकाराने मुसलमानांच्या शिक्षणासाठी उभं राहिलेलं हे काम. १९१७ मध्ये याच संस्थानात महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. त्यानंतर जवळपास पन्नास वर्षांनी त्याच गावातला एक पोरगा शाळेबाहेर पडला, कारण त्याला फळा दिसत नव्हता. शाळा होती, गुरुजी होते, फी नव्हती. दोन काचा नव्हत्या. मी वीस वर्षं शिकवते आहे. त्या रात्री मला माझ्या वर्गातली 'डोक्यात काही न शिरणारी' पोरं एकेक करून आठवली.

घरात दादी चष्म्याला ऐनक म्हणायची. 'ऐन' म्हणजे अरबीत डोळा. आपण मराठीत चष्मा म्हणतो तो फारसीतल्या 'चश्म'वरून आला, त्याचाही अर्थ डोळा. अरबीत काचेच्या भिंगाला 'अदसा' म्हणतात, म्हणजे मसूर. लॅटिनमधल्या 'लेन्स'चाही अर्थ मसूरच. आपल्याकडे ढाब्यावर अख्खा मसूर मागवताना दाणा बोटावर ठेवून बघा, दोन्हीकडून फुगीर, नेमका भिंगाच्या आकाराचा.

हजार वर्षांपूर्वी बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत काम केलेल्या इब्न अल-हैसम यांनी 'किताब अल-मनाझिर' लिहिली. त्यांच्या आधी अनेक विद्वान मानत की डोळ्यातून किरण निघतात आणि वस्तूला जाऊन भिडतात, म्हणून दिसतं. इब्न अल-हैसम यांनी प्रयोग आणि युक्तिवाद करून मांडलं की उजेड वस्तूकडून डोळ्यात येतो. पुढे हा ग्रंथ लॅटिनमध्ये गेला, आणि तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत चष्मे दिसू लागले. मला या पुस्तकातली भौतिकी फारशी कळत नाही. पण आपण अजून जुन्याच समजुतीत जगतो असं मात्र वाटतं. समोरचा आपल्याकडे बघत नाही, म्हणजे त्याने नजर पाठवली नाही, म्हणजे तो मगरूर. त्याच्यापर्यंत आपला हात पोचला का, हे कुणी विचारत नाही. पलीकडच्या गल्लीतले एक चाचा माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाला आले नव्हते. कारण एवढंच, की टेलरमास्तरांनी भर रस्त्यात सलाम घेतला नाही.

अब्बांचा चष्मा रमजानच्या मध्यावर मिळाला. इतक्या वर्षांनी पूर्ण तिरकस नंबर एकदम दिला तर जमीन कलल्यासारखी वाटते, म्हणून तिने सुरुवातीला तो थोडा कमी ठेवला. शिवताना चष्मा काढून ठेवला तरी चालेल असंही सांगितलं. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगितली. उजवा डोळा काच लावूनही शेवटच्या ओळीपर्यंत येणार नाही. लहानपणी त्या डोळ्याकडून मेंदूला स्पष्ट चित्र मिळालंच नाही, म्हणून मेंदू त्याच्यातून बघायला शिकला नाही. याला आळशी डोळा म्हणतात. तो लहान वयात सुधारतो. एकाहत्तराव्या वर्षी नाही.

हे वाचणाऱ्या तुम्हाला माझं सांगणं थोडंच आहे. मूल फळ्याजवळ जाऊन लिहीत असेल, टीव्हीला चिकटत असेल, एक डोळा बारीक करत असेल, तर रागावण्याआधी डोळे तपासा. शाळांमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं येतात, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. मोहल्ल्यातली कुणी आपा 'आता नजर गेली' म्हणत फॉल-पिकोचं काम सोडत असेल, तर तिला जवळचा साधा चष्मा घेऊन द्या. आसामच्या चहामळ्यांत चाळिशीपुढच्या मजुरांना असे साधे चष्मे देऊन एक अभ्यास झाला होता, २०१८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. चष्मा मिळालेल्यांच्या कामातली वाढ चष्मा न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी जास्त निघाली. आणि स्वतःचा चष्मा बोचत असेल, घसरत असेल, मान दुखवत असेल, तर 'सवय होईल' यावर महिनाभर बसू नका. परत जा आणि विचारा, माझं माप घेतलं का? माझ्या नव्या काचांची सवय व्हायला मला तीन दिवस लागले.

३० मार्च २०२५. त्या दिवशी गुढीपाडवा होता. सकाळी पेठेत गुढ्या उभ्या होत्या, संध्याकाळी उतरवल्या गेल्या. रमजानचा एकोणतिसावा रोजा. इफ्तार आणि मगरिब उरकून सगळे गच्चीवर चढले. दरवर्षी चढतात. अब्बाही दरवर्षी चढत. कुणीतरी पश्चिमेकडे बोट करायचं, पोरं ओरडायची, आणि अब्बाही म्हणायचे, "हां, दिख्या, दिख्या." मग दुआला हात उचलायचे.

या वेळी भावाच्या लेकाला आधी दिसला. आम्ही सगळ्यांनी बघितला, हात उचलले. अब्बा मात्र बोलले नाहीत. चष्मा दोन्ही हातांनी धरून ते बराच वेळ वर बघत राहिले. मला वाटलं त्यांना सापडत नाही, म्हणून मी बोट दाखवायला पुढे झाले.

त्यांनी माझा हात हळूच खाली केला. "दिखा," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, विचारलं, "इतना बारीक रहता क्या?"

दुसऱ्या दिवशी बोर्डिंगच्या मैदानावर ईदची नमाज झाली. भावाने घरी येऊन सांगितलं की गर्दीत, चांगल्या वीस पावलांवरून, अब्बांनी पलीकडच्या गल्लीतल्या चाचांना हात उचलून सलाम केला. चाचांनी आधी मागे वळून बघितलं, सलाम दुसऱ्या कुणाला असेल म्हणून.